करगा, धान आणि संशोधक विद्यार्थी

(भिलाई येथे कृषिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे व नागरिकांपुढे दिलेले व्याख्यान)



पोलादाच्या गावी तणांविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे विचित्रच वाटते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून भिलाई म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे रूळ, तुळया आणि धुराडीच येतात. परंतु वसाहतीची शेवटची रांग ओलांडली की लागलीच धानाच्या बांध्या सुरू होतात, आणि त्या शिवनाथच्या खोऱ्यातून थेट रायपूर, धमतरीपर्यंत पसरलेल्या आहेत. छत्तीसगडला लोक 'धानाचा कटोरा' म्हणतात. या कटोऱ्यात धानाबरोबर आणखी काय काय उगवते, आणि त्याचा अभ्यास करू पाहणाऱ्या तरुणांपुढे कोणते प्रश्न उभे आहेत, एवढाच माझा आजचा विषय आहे.

प्रथम येथील पेरणीची पद्धत समजून घेतली पाहिजे, कारण तणांचा सारा इतिहास तिच्यात दडलेला आहे. सिंचनाची सोय असेल तेथे रोपे तयार करून चिखलात लावतात. भंडारा-गोंदियाकडे आपण तिला रोवणी म्हणतो. पण छत्तीसगडच्या पावसावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याची जुनी पद्धत बियासीची होय. मृगाचा पाऊस येण्याच्या सुमारास तो बी फोकून पेरतो. पुढे तीस-चाळीस दिवसांनी, बांधीत वीतभर पाणी साचले म्हणजे, उभ्या पिकातून अरुंद फाळाचा देशी नांगर चालवितो. प्रथमच पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. पीक आडवे होते, मुळे उघडी पडतात, सारे शेत घुसळल्यासारखे दिसते. परंतु धानाचे रोप पाण्यात पुन्हा मूळ धरते, आणि उपटलेले तण चिखलाखाली गुदमरून कुजते. मग बायामाणसे दाट जागेतील रोपे काढून विरळ जागी लावतात. तिला चलाई म्हणतात. नांगरट, निंदण, विरळणी आणि रोवणी ही चारही कामे एका बैलजोडीने आणि घरच्या हातांनी उरकून घेण्याची ही युक्ती आहे, आणि ज्याने ती शोधली त्याच्या बुद्धीविषयी मला आदर वाटतो.

आदर वाटतो म्हणून तिचे दोष झाकण्याचे कारण नाही. पेरलेल्या धानाला तणांची झळ सर्वांत जास्त लागते ती उगवणीनंतरच्या पंधरा ते पंचेचाळीस दिवसांत. बियासीचा नांगर शेतात येतो तो हा काळ बहुतेक सरून गेल्यावर. शिवाय बियासीला पाणी साचलेलेच हवे. श्रावणात पावसाने ओढ दिली तर शेतकरी आभाळाकडे पाहत बसतो. तण मात्र थांबत नाही. म्हणूनच येथला शेतकरी बियासीपूर्वी खत टाकावयास नाखूश असतो, कारण ते खत धानाऐवजी सावा आणि मोथा खाऊन टाकतात हे त्याने पाहिलेले असते. कृषी खात्याच्या पत्रकांत या नाखुशीला कधी कधी अडाणीपणा म्हटले जाई. तो अडाणीपणा नव्हे. तो अनुभवातून काढलेला हिशेब आहे.

सावा, मोथा, हराळी यांना ओळखणे तरी सोपे आहे. ज्याला छत्तीसगडी शेतकरी 'करगा' म्हणतो त्याची गोष्ट निराळी. करगा म्हणजे रानभात. तो धानाच्याच जातीचा, धानाच्याच रक्ताचा. पाने तीच, फुटवे तेच, उंची जवळपास तीच. लोंबी बाहेर पडेपर्यंत अनुभवी बाईलाही तो खात्रीने सांगता येत नाही. लोंबी आली की लांब कुसे दिसतात, दाणे लवकर पिकतात आणि धान कापणीला येण्याच्या आत जमिनीवर गळून पडतात. हे दाणे लगेच उगवत नाहीत. सुप्तावस्थेत ते मातीत पडून राहतात, काही पुढल्या वर्षी उगवतात, काही त्याच्याही पुढल्या. म्हणजे करगा जेव्हा ओळखू येतो तेव्हा त्याला उपटून फारसा लाभ होत नाही आणि जेव्हा लाभ होईल तेव्हा तो ओळखू येत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. मध्यप्रांत व वऱ्हाडातील रानभाताचे वर्गीकरण करण्याचा प्रयत्न १९२१ साली झालेला आहे. रायपूरजवळच्या लाभांडी येथे १९०३ पासून सरकारी शेतीक्षेत्र होते. जुन्या मध्यप्रांतातील धान-पैदासकारांनी करग्यावर एक सुंदर उपाय योजला: जांभळ्या पानांचा धान. जांभळ्या पानांच्या देशी वाणाशी चांगल्या वाणांचा संकर करून त्यांनी असे धान काढले की ज्याचे रोप कोवळेपणीच रंगावरून ओळखू यावे. सारे शेत जांभळे, आणि त्यात जे हिरवे दिसेल तो करगा. निंदणाऱ्या बाईने तेवढे हिरवे उपटावे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने पुढे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'श्यामला' नावाचा जांभळ्या पानांचा वाण याच हेतूने दिला.

उपाय चालला, पण कायमचा चालला नाही. का, ते पाहण्यासारखे आहे. धान बहुतांशी स्वपरागित पीक आहे; तरीही क्वचित एखादे फूल शेजारच्या परागाने फळते. जांभळ्या धानाचे पराग करग्याच्या फुलावर पडले की काही थोडी संतती जांभळी निघते. आता शेतकरी काय करतो? हिरवा करगा तो निष्ठेने उपटतो आणि जांभळ्याला धान समजून जपतो. चार-सहा हंगामांत निवड पुरी होते, आणि शेतात जांभळा करगा डोलू लागतो. त्याला तेथे आणून बसविण्याचे काम निंदणीच्या हातांनीच केलेले असते. म्हणून जाणते लोक सल्ला देतात की जांभळा वाण सलग वर्षानुवर्षे लावू नये; दोन-तीन वर्षांनी हिरव्याकडे वळावे आणि मग जे जांभळे दिसेल ते उपटावे.

ज्या देशाच्या साहाय्याने हा पोलाद कारखाना उभा राहिला त्याच देशातील एका थोर वनस्पतिशास्त्रज्ञाने ही क्रिया फार पूर्वी ओळखली होती. निकोलाय वाविलोव्ह यांनी दाखवून दिले की राय हे धान्य मुळात गव्हाच्या शेतातील तण होते. माणसाच्या निवडणी-चाळणीतून निसटता निसटता ते गव्हासारखे होत गेले आणि अखेर थंड प्रदेशात स्वतःच पीक म्हणून मान्यता पावले. वाविलोव्ह १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावले. त्यांच्या विचारांवर येथे बोलण्याइतका वेळ नाही, पण करग्याचा अभ्यास करणाऱ्याने ते वाचावेत.

आता विद्यार्थ्यांकडे वळतो. तणनियंत्रणावरील पदव्युत्तर प्रबंधाचा साचा तुम्हांला ठाऊक आहे. शेताचे समान तुकडे पाडावयाचे, त्यांत दहाबारा उपचारांची यदृच्छेने वाटणी करावयाची. एक तुकडा मुळीच न निंदलेला, एक पूर्णपणे तणमुक्त, आणि मध्ये निरनिराळी तणनाशके, हातनिंदण, कोनो वीडर वगैरे. अर्ध्या मीटरची चौकट टाकून तिच्यातील तण मोजावयाचे, वाळवून तोलावयाचे, आणि न निंदलेल्या तुकड्याशी तुलना करून नियंत्रणाची टक्केवारी काढावयाची. तणमुक्त तुकड्याच्या मानाने उत्पन्न किती घटले यावरून तणनिर्देशांक काढावयाचा. शेवटी खर्च आणि प्राप्ती यांचे गुणोत्तर. ही पद्धत चांगली आहे. १९७८ साली तणनियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि १९८९ साली जबलपूर येथे तणविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र निघाले, त्यांच्यामुळे देशभर एकाच मापाने मोजण्याची शिस्त आली. ती टिकली पाहिजे.

पण त्या साच्यातील तीन गोष्टींबद्दल मला शंका आहेत.

पहिली शंका काळाविषयीची. प्रबंध होतो दोन खरिपांत. करग्याचे बी मातीत त्याहून अधिक काळ जिवंत राहते. अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील यांनी १८७९ साली बियांच्या वीस बाटल्या पुरून ठेविल्या. २०२१ साली त्यांपैकी एक उकरून काढली तेव्हा १४१ वर्षांनंतरही त्यातील काही बिया उगवल्या. सर्वच तणे इतकी चिवट नसतात, हे उघड आहे. तरी दोन वर्षांच्या आकड्यांवरून 'अमुक उपचार शाश्वत' असे लिहिताना लेखणी थोडी अडखळावी. एका विद्यार्थ्याला हे शक्य नाही, पण विभागाला शक्य आहे: तीच बांधी, तेच उपचार, आणि प्रत्येक तुकडीने आधीच्या तुकडीकडून वही घ्यावी. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेडच्या ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग अखंड चालू आहे आणि त्याच्या एका पट्ट्यात आजवर तणनाशक मुद्दाम टाकलेले नाही. तणांत काय काय फरक पडत गेला हे सांगावयास तो पट्टा आहे.

दुसरी शंका पाण्याविषयीची. बिस्पायरिबॅक-सोडियम हे तणनाशक पाहा. हेक्टरला अवघे २५ ग्रॅम क्रियाशील औषध पुरते. प्रयोगक्षेत्रावर त्याचे निकाल उत्तम येतात. परंतु फवारणीपूर्वी बांधीतले पाणी काढावे लागते, म्हणजे तणांची पाने उघडी पडतात. आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाणी भरावे लागते. ज्याच्या शेताला कालवा आहे त्याला हे जमते. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत आपोआप पाणी उतरत जाणाऱ्या शेतात आपल्या मर्जीने पाणी काढणे म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात सोडणे, आणि पुन्हा भरणे वरुणराजाच्या हाती. त्यातच पाठीवरचा पंप बहुधा एकच असतो. कीटकनाशकाचा गोल फवारा देणारी तोटी बदलून तणनाशकाची पंख्यासारखी तोटी लावण्याची तसदी कोण घेतो? मात्रा कोठे कमी पडते, कोठे दुप्पट. प्रबंधात मात्र हेक्टरी २५ ग्रॅमच लिहिलेले असते.

तिसरी शंका खर्चाच्या रकान्याविषयीची आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हातनिंदणाचा उपचार प्रबंधात नेहमी 'उत्पन्न चांगले, पण खर्चिक' ठरतो. हा खर्च कोणाचा? निंदणीला विदर्भात निंदण, देशावर खुरपणी, कोकणात बेणणी म्हणतात. नावे बदलतात, पण वाकलेली कंबर बहुतेक बाईचीच असते. जो शेतकरी मजूर लावतो त्याला तो खर्च आहे. ज्या घरातली बाई स्वतःचे एकरभर निंदून मग दुसऱ्याच्या बांधीत मजुरीने जाते, त्या घराच्या दृष्टीने तो रकाना मिळकतीचा आहे, आणि श्रावण-भाद्रपदात घरात दुसरे पैसे येत नाहीत. तणनाशकाने तिची कंबर वाचते ही गोष्ट खोटी नाही. दिवसभर गुडघाभर चिखलात उभे राहण्यात काव्य नसते. पण वाचलेल्या वेळाचे ती काय करते, तो वेळ तिला कोणी विकत घेतो की नाही, हे प्रबंधात कोणी विचारीत नाही. विचारण्यास कृषिशास्त्राखेरीज दुसऱ्या शास्त्राची परवानगी लागते असे मला वाटत नाही. वहीत एक रकाना वाढवावा लागेल, इतकेच.

मजूर मिळत नाहीत हेही तितकेच खरे आहे. बैल कमी झाले, तसा बियासीचा नांगरही दिसेनासा होत चालला आहे. ट्रॅक्टर उभ्या धानात बियासी करू शकत नाही. बियासी सुटली की फोकून पेरलेल्या शेतात तणनाशकावाचून दुसरा आधार उरत नाही, आणि येथूनच नवी अडचण उभी राहते. एकच औषध वर्षानुवर्षे वापरले की त्याला न जुमानणारी झाडे मागे राहतात. हरियाणात गव्हातील गुल्लीदंडा आयसोप्रोट्युरॉनला दाद देईनासा झाला, तो १९९० नंतरच्या काही वर्षांत. अलीकडच्या वर्षांत जबलपूरच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले की छत्तीसगडच्या धानशेतांतून गोळा केलेल्या काही सावा व लव्हाळवर्गीय तणांवर बिस्पायरिबॅकचा परिणाम होत नाही. भारतातील धानशेतीत अशा तऱ्हेच्या या पहिल्याच नोंदी होत्या, आणि त्या आपल्या दारातल्या आहेत.

२०२१ साली दिल्लीच्या पुसा संस्थेचे, इमॅझेथापायर हे तणनाशक सहन करणारे दोन बासमती वाण आले. ते परकीय जनुक घालून केलेले नाहीत. धानाच्याच एका विकरातील उत्परिवर्तनावर ते आधारलेले आहेत. सरळ पेरणीसाठी ते उपयोगी आहेत आणि पंजाब-हरियाणात पाणी वाचविण्याच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. परंतु उद्या हाच गुण छत्तीसगडच्या मोठ्या क्षेत्रावरील वाणांत आणावा अशी मागणी होईल, कारण करग्याला मारणारे आणि धानाला न मारणारे औषध हे येथील शेतकऱ्याचे जुने स्वप्न आहे. तेव्हा जांभळ्या पानांची गोष्ट आठवावी लागेल. करग्याने धानाकडून रंग उसना घेतला, तसाच हा गुणही घेईल. ही निव्वळ भीती नाही: अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत २००२ पासून अशा तऱ्हेचा धान विकला जाऊ लागला आणि थोड्याच वर्षांत तेथील रानभात त्या औषधाला जुमानीनासा झाला. शिवाय बिस्पायरिबॅक आणि इमॅझेथापायर ही दोन्ही औषधे वनस्पतीतील एकाच विकरावर घाव घालतात. ज्या सावाने पहिल्याला तोंड देण्यास शिकून घेतले, तो दुसऱ्यापुढे नमेलच याची हमी कोण देणार? तिच्यासाठी प्रयोग हवा, आणि तो वाण विकावयास निघण्यापूर्वी हवा. येथे बसलेल्यांपैकी एखाद्याने प्रबंधाचा विषय अजून निवडला नसेल तर त्याने याचा विचार करावा. छत्तीसगडच्या गावागावांतील करगा आणि त्याच्या शेजारचा धान यांच्यात संकर किती होतो, कोणत्या वाणाशी फुलोऱ्याचा काळ जुळतो, हे एका एका जिल्ह्यापुरते जरी कोणी मोजले तरी ते काम उपयोगाचे ठरेल.

सामग्रीची वाण नाही. डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया यांनी १९७० च्या दशकात छत्तीसगड व मध्य प्रदेशातून हजारो देशी धानवाण जमविले. त्या संग्रहाच्या पायावर आज रायपूरच्या विश्वविद्यालयात २३ हजारांच्यावर नमुने आहेत. त्यांत लवकर वाढून जमीन झाकणारे, पाने पसरणारे, तणांना सूर्यप्रकाश मिळू न देणारे वाण किती आहेत? उत्पन्नासाठी, सुवासासाठी, रोगप्रतिकारासाठी हे नमुने चाळले गेले, तितक्या आस्थेने ते तणांशी झुंजण्याच्या गुणासाठी चाळले जावेत. बुटक्या वाणांच्या मागे लागताना हा गुण हातचा गेला असणे शक्य आहे.

आणि डोळे उघडे ठेवा. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तेथील दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ साली आपल्या पटेल-३ धानात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या निराळ्या ठेवल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, आणि एचएमटी हा वाण जन्माला आला. तो मराठी मुलखाची सीमा ओलांडून छत्तीसगडच्या बांध्यांतही आला. शेतातील वेगळी लोंबी ओळखणारी ही नजर, आणि करगा ओळखणारी निंदणाऱ्या बाईची नजर, या एकाच जातीच्या आहेत. विद्यापीठाने त्या दोघांनाही विचारावे.

पीकपद्धतीविषयी थोडेच सांगतो. धानानंतर तेच धान हे तणांना सर्वांत मानवते. पूर्वी धान कापण्यापूर्वी ओल्या बांधीत लाख किंवा जवस फोकून देत; येथे त्याला उतेरा म्हणतात. रब्बीत जमीन झाकली जाई. २०२३-२४ च्या हंगामात राज्य सरकारने एकरी २१ क्विंटल धान ३,१०० रुपये क्विंटलने घेतला. असा भाव मिळत असताना शेतकऱ्याने हरभरा-जवसाकडे वळावे असे सांगणाऱ्याने आधी स्वतःचे पाकीट उघडून दाखवावे. तरीसुद्धा पहिल्या पावसात तण उगवू देऊन ते वखराने मोडावयाचे आणि मगच ओळीत पेरावयाचे, एवढे तरी करग्याच्या शेतात निश्चित करता येते. त्यासाठी पेरणीचे आठ-दहा दिवस गमवावे लागतात. कोणत्या जमिनीत ते परवडतात, कन्हारात की मटासीत, हे या भागासाठी अजून नीट मोजावयाचे आहे.

शेवटी करग्याच्या बहिणीविषयी दोन शब्द. तळ्यांच्या काठी, खड्ड्यांत आपोआप उगवणाऱ्या रानभाताला येथे पसहर म्हणतात. आपल्या पंचांगाप्रमाणे श्रावण वद्य षष्ठीला छत्तीसगडच्या माता मुलांसाठी कमरछठचे व्रत करतात. त्या दिवशी नांगराने पिकविलेले काहीही खावयाचे नसते. म्हणून हा पसहर तांदूळ शिजतो. एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, पण त्या आठवड्यात दुर्ग-भिलाईच्या बाजारात तो साध्या तांदळाच्या कितीतरी पट भावाने विकला जातो. तळी बुजत चालली, तसा तो मिळेनासा होतो आहे. तेव्हा आपल्याला शेतातला करगा हटवावयाचा आहे आणि तळ्यातला पसहर राखावयाचा आहे, आणि या दोघांतून वाहणारे पराग तर बांध ओळखीत नाहीत. हे दोन्ही एकदम कसे करावे, याचे उत्तर माझ्यापाशी तयार नाही. तुमच्यापैकी ज्यांची गावे तळ्याकाठी आहेत त्यांच्याकडून ऐकावयाचे आहे. तेव्हा आता तुम्ही बोलावे.